मराठवाड्याचा अणुऊर्जेचा इतिहास कुठे शोधायचा आणि कसा जपायचा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाचा आहे. त्यांचे आजोबा तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं त्या काळात तिथं तंत्रज्ञ म्हणून लागले, पुढे हैदराबादला बदलून गेले आणि निवृत्तीनंतर गावी परतले. ते आता हयात नाहीत. घरी त्यांची पत्र्याची पेटी आहे आणि आजी आहेत. प्रश्न असा: मराठवाड्यात एकही अणुवीज केंद्र नसताना इथल्या अणुऊर्जेचा इतिहास असं काही असतं का? असेल तर सुरुवात कुठून करायची, पेटीचं काय करायचं, आणि यात कायद्याची अडचण येते का?

उत्तर:

असतो, आणि तो तुमच्या घरात आहे. मराठवाड्यातल्या कामगारांची, वीज खात्याची आणि कारखान्यांची कागदपत्रं व आठवणी गोळा करण्यात माझी बरीच वर्षं गेली. ज्या भागात प्रकल्प उभा राहतो त्या भागाचा इतिहास कुणीतरी लिहितंच. ज्या भागातून माणसं तिकडं गेली त्या भागाचा कुणी लिहीत नाही. मराठवाडा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. इथला अणुऊर्जेचा इतिहास आहे तो बाहेर गेलेल्या माणसांचा, घरी आलेल्या मनीऑर्डरींचा, तारेवरून आलेल्या विजेचा आणि इथल्या जमिनीखाली काय आहे याच्या अभ्यासाचा. तारापूरच्या पहिल्या फळीतली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून उशीर करू नका.

काळाची चौकट आधी नीट आखून घ्या. भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरबद्दलचा करार 1963 मध्ये झाला. उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या दोन अमेरिकी अणुभट्ट्यांनी ऑक्टोबर 1969 मध्ये व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली. त्यांची मूळ क्षमता प्रत्येकी 210 मेगावॅट होती, पुढे ती 160 वर आणली गेली. याच काळात मराठवाडा कुठे होता? 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. मराठवाडा विद्यापीठ 1958 चं, औरंगाबादचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चं. म्हणजे तुमच्या आजोबांची पिढी ही या भागात विज्ञान आणि तंत्रशिक्षणाची दारं नुकती उघडत असताना बाहेर पडलेली पिढी आहे. त्यांनी कुठं शिक्षण घेतलं, फी कुणी भरली, नोकरीची जाहिरात त्यांना कुणी दाखवली, हे प्रश्न अणुभट्टी कशी चालते या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे धरा.

हैदराबादची बदलीही सहज घडलेली नाही. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, 1967 ची. अणुभट्ट्यांसाठी इंधन तयार करणारं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स 1971 चं. युरेनियम शोधणाऱ्या अणु खनिज संचालनालयाचं मुख्यालयही तिथलंच. परभणी-नांदेडकडच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद नात्यागोत्यानं जवळचं. मनमाड-काचीगुडा रेल्वेनं रात्री बसलं की सकाळी तिथं. भाषाही परकी नव्हती, वडीलधारी मंडळी उर्दूत शिकलेली. त्यामुळे मराठवाड्यातल्या अणुऊर्जेच्या माणसांचा माग काढायचा तर मुंबईकडे जितकं पाहाल तितकंच ईसीआयएल क्रॉसरोड आणि मौला अलीच्या आसपासच्या वसाहतींकडे पाहा. मुंबईतून लिहिल्या गेलेल्या इतिहासात ही बाजू येत नाही. ती तुमच्याकडून येऊ शकते.

आता पेटी. पेटी उघडली की कागद विषयवार लावायचा मोह होतो. तो आवरा. कागद ज्या क्रमानं ठेवले आहेत त्या क्रमाचा आधी फोटो काढा. कोणता कागद कोणत्या कागदात गुंडाळलेला होता, कोणत्या पाकिटात काय होतं, ही स्वतः एक माहिती असते आणि एकदा विस्कटली की परत मिळत नाही. मग प्रत्येक कागदाला पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात क्रमांक द्या आणि वहीत नोंद करा.

काय सापडेल ते साधारण सांगतो. नेमणुकीचं पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वसाहतीचा पास, पगाराच्या चिठ्ठ्या, सोसायटीची पुस्तिका, ग्रुप फोटो. ग्रुप फोटोत आजोबा कोणते हे आजींना आत्ताच विचारून ठेवा. बाकीच्यांची नावं त्यांना आठवतील तेवढी, उभे-बसलेले असा क्रम सांगून. काही पेट्यांमध्ये किरणोत्सर्गाच्या मात्रेची नोंदही असते. पूर्वी कामगार ही मात्रा मोजायला छातीला फिल्म बॅज लावायचे, पुढे टीएलडी बॅज आले. ही नोंद वाचताना एककं तपासा. जुन्या कागदात मात्रा रेममध्ये किंवा मिलिरेममध्ये असते, आजची मिलिसिव्हर्टमध्ये. 100 रेम म्हणजे 1 सिव्हर्ट, म्हणून जुन्या 500 मिलिरेमचे आजचे 5 मिलिसिव्हर्ट होतात. या एका गफलतीनं माणूस शंभर पटीनं चुकतो. आणि ही नोंद वैद्यकीय कागदासारखी खासगी माना. आजी आणि घरातले बाकीचे हो म्हणाल्याशिवाय ती कुणाला दाखवू नका. त्या आकड्यावरून आजोबांच्या आजारपणाचं कारण ठरवायलाही जाऊ नका. एका माणसाच्या एका आकड्यातून ते कुणालाच ठरवता येत नाही.

माझ्या मते मात्र अशा पेट्यांमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मनीऑर्डरीचं कुपन. 1972 चा दुष्काळ आठवा, म्हणजे घरच्यांनी सांगितलेला आठवा. विहिरी कोरड्या, जनावरं विकलेली, माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर, पोरांना सुकडी, रेशनला मिलो. त्या दोन वर्षांत ज्या घरातला एक मुलगा केंद्र सरकारच्या पगारावर होता त्या घराची गोष्ट वेगळी झाली. कुपनवर रक्कम असते, तारीख असते आणि चार ओळींचा निरोप असतो: बैल विकू नका, धाकट्याची फी भरा, आईला दवाखान्यात न्या. तारापूरच्या पगारानं मराठवाड्यातल्या एका घराची जमीन दुष्काळात कशी टिकली, हे तुम्ही पंधरा-वीस कुपनं सातबाराच्या फेरफाराशेजारी ठेवून दाखवू शकलात, तर अणुऊर्जेचा याहून अस्सल प्रादेशिक इतिहास मला तरी माहीत नाही.

घरच्या जुन्या कागदांत तारखांचा घोळ होणार, त्याची तयारी ठेवा. जन्माची नोंद, जमिनीचे कागद, वडिलांचे दाखले उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजामकाळातल्या महसुली कालगणनेत असतील. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसलीत 590 मिळवा, जानेवारीपासून पुढं 591. म्हणजे 1352 फसली हे 1942-43 साल. जिल्ह्यांचंही तसंच. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये, हिंगोली 1999 मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात लातूरचा माणूस उस्मानाबादचा दिसेल आणि हिंगोलीचा परभणीचा. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचं स्पेलिंग ‘भीर’ असं वाचलं जाईल असं असतं. ते न शोधल्यानं बीडबद्दल काहीच नाही असा निष्कर्ष काढलेले अभ्यासक मी पाहिले आहेत. आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आल्यानं शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

बाहेरच्या कागदपत्रांत पहिला थांबा संसदेचा. लोकसभेतले प्रश्न, उत्तरं आणि चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात खुल्या आहेत. आपल्यासाठी यात एक खास धागा आहे. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर 1980 च्या दशकाच्या मध्याला केंद्रात राज्यमंत्री होते आणि त्यांच्याकडे विज्ञान-तंत्रज्ञान, अवकाश यांच्यासोबत अणुऊर्जा खातंही होतं. हे खातं पंतप्रधान स्वतःकडे ठेवतात, म्हणून सभागृहातली बरीचशी उत्तरं राज्यमंत्र्यांच्या नावावर दिसतात. काळही साधा नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळ नोव्हेंबर 1983 मध्ये स्थापन झालं, कल्पाक्कमची पहिली अणुभट्टी 1984 च्या सुरुवातीला व्यापारी उत्पादनात आली, मुंबईतल्या ट्रॉम्बेची ध्रुव ही संशोधन अणुभट्टी 1985 मध्ये सुरू झाली. ती उत्तरं सलग वाचा. देशाच्या अणुधोरणाची बाजू मराठवाड्याचा एक माणूस सभागृहात मांडत होता, यावर स्थानिक अंगानं काम व्हायलाच हवं.

पुराभिलेखांत शोधायचं तर 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा माहीत असू द्या. कायमस्वरूपी जपण्याजोगे केंद्र सरकारी अभिलेख पंचवीस वर्षांनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत अशी त्याची व्यवस्था आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं अभिलेखागार आहे, तिथं होमी भाभांच्या काळातले कागद जपलेले आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या माहितीसाठ्यात भारतातले तांत्रिक अहवाल मोफत वाचता येतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला राज्य पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, आणि निजामकाळासाठी हैदराबादचं राज्य अभिलेखागार. माहिती अधिकाराच्या अर्जानंही बरंच मिळतं. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं न लिहिता एका केंद्राची, एका वर्षाची, एका प्रकारची नोंद मागा.

वर्तमानपत्रांसाठी मात्र चिकाटी लागते. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेला आणि अनंत भालेराव यांनी घडवलेला ‘मराठवाडा’ हा या भागाचा मोठा आधार आहे. त्याच्या जुन्या फायली चाळताना केवळ अणुऊर्जेचे मथळे शोधाल तर हाती थोडं लागेल. सत्काराच्या बातम्या बघा: अमुक गावचा सुपुत्र ट्रॉम्बेला निवडला गेला, शाळेनं हार घातला. नोकरीच्या जाहिराती बघा. विजेच्या टंचाईवरची वाचकांची पत्रं बघा. 18 मे 1974 च्या पोखरण चाचणीनंतरच्या आठवड्यातले अंक पूर्ण वाचा. गावोगावच्या लोकांना अणू म्हणजे काय वाटत होतं ते तिथं कळेल.

यात एक प्रश्न टाळता येणार नाही, तो म्हणजे इथं अणुवीज केंद्र का आलं नाही. त्याचं उत्तर मागासपणा या एका शब्दात संपवू नका. किनाऱ्यावरच्या केंद्राला थंड करायला समुद्र असतो. तारापूर आणि प्रस्तावित जैतापूर दोन्ही किनाऱ्यावर आहेत. आपल्याकडची मोठी वीज परळीच्या औष्णिक केंद्राची, आणि 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्रही थांबवावं लागलं. जायकवाडीचं पाणी पिण्याला, शेतीला आणि कारखान्यांना वाटताना दरवर्षी काय होतं ते तुम्ही जाणताच. परळीच्या निवृत्त कामगारांच्या मुलाखतीही म्हणून तुमच्या कामात असू द्या. विजेसाठी पाणी किती लागतं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

दुसरं कारण जमिनीखालचं, आणि इथं आपल्या भागानं देशाला मोठी किंमत मोजून शिकवलं आहे. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर दख्खनचा हा भाग स्थिर मानला जाई. भूकंपाच्या नकाशावर लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. 2002 च्या सुधारित नकाशात तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकला गेला आणि लातूर परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत खोल विवर खणलं तेव्हा सुमारे 340 मीटर बेसॉल्टच्या खाली मूळ खडक लागला. द्वीपकल्पातल्या कुठल्याही धरणाची, अणुवीज केंद्राची जागा तपासताना ‘इथं काही होत नाही’ हे गृहीतक त्या पहाटेनंतर कुणाला सहज धरता येईना. अणुऊर्जेचा आणि मराठवाड्याचा सगळ्यात खोल संबंध मला हा वाटतो. किल्लारीच्या विज्ञानाचे साक्षीदार अजून आहेत: विवराच्या कामावर गेलेले मजूर, यंत्राला जागा दिलेले शेतकरी, शास्त्रज्ञांना गावातून फिरवणारे शिक्षक. त्यांना कुणी विचारलेलं नाही. विचारताना जपून विचारा. ज्यांची माणसं गेली त्यांना आधी बोलू द्या. खडकाचा विषय त्या दिवशी निघाला नाही तर नाही.

भाभा अणुसंशोधन केंद्राचं एक काम आपल्या रानात रोज दिसतं, त्याचाही उल्लेख करतो. किरणांचा मारा करून घडवलेल्या वाणांपैकी टीएयू-1 हा उडीद आणि टीएजी-24 हा भुईमूग आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नावानिशी ठाऊक आहेत. जुन्या पेरणीच्या नोंदी आणि बियाण्याच्या पावत्या सापडल्या तर जपा. विद्यार्थ्यांना कामाला लावायला हा चांगला विषय आहे.

आणि आता डोळ्यांदेखत घडणारं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती वीज बनवणार नाही, पण ती बांधण्यात अणुऊर्जा विभाग पुढे आहे, म्हणजे हा विभाग प्रथमच एवढ्या मोठ्या कामानं मराठवाड्यात येतो आहे. तारापूरचं भूसंपादन झालं तेव्हाचे ग्रामसभेचे ठराव, मोबदल्याच्या चिठ्ठ्या, घरांचे फोटो कुणी वेळेवर गोळा केले असते तर आज किती सोपं गेलं असतं. औंढ्याला ती संधी आहे. 2024 मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोली परिसरात 4.5 च्या आसपासचे धक्के बसले, वसमतकडची गावं आवाजांनी धास्तावली. लोक काय म्हणाले ते आत्ताच लिहून ठेवा.

मुलाखतीबद्दल एवढंच, की पहिली मुलाखत आजींची घ्या. वसाहतीतलं जगणं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त आठवतं, कारण पुरुष शिफ्टला असायचे. तारापूरजवळच्या बोईसरला पहिल्यांदा उतरल्यावर काय दिसलं, शेजारी कोण, ज्वारी कुठून आणायच्या, मासळीच्या वासाची सवय कधी झाली, गावाकडं नवऱ्याच्या नोकरीबद्दल काय सांगायच्या, भीती वाटायची का. ‘अणुभट्टीबद्दल सांगा’ असं विचारलंत तर त्या म्हणतील मला काय कळतंय, आणि गप्प बसतील. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको. पंखा बंद करा, मोबाइल त्यांच्याजवळ ठेवा, शक्य असेल तर साधा कॉलर माइक लावा आणि ध्वनी वॅव्ह स्वरूपात साठवा. सुरुवातीला दिनांक, गाव आणि परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या, लेखी परवानगी वेगळी. बोली आहे तशी उतरवा, प्रमाणभाषेत सुधारू नका. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही ठेवा आणि फरक टिपेत लिहा. आजींची आठवण कागदाप्रमाणे दुरुस्त करायची नसते.

कायद्याचं उत्तर स्पष्ट देतो. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याच्या 18 व्या कलमानं केंद्रांची रचना, प्रक्रिया यांबद्दलची माहिती उघड करण्यावर सरकारला बंधन घालता येत होतं, 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा वेगळाच. म्हणून यंत्रांचे आराखडे, इंधनाचे हिशेब, सुरक्षेची व्यवस्था हे विषय मुलाखतीत काढूच नका. पेटीत गोपनीय शिक्का असलेला कागद किंवा आराखडा निघाला तर त्याचा फोटो काढू नका, व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको. संबंधित संस्थेला पत्र लिहून तो परत करा आणि पोच घ्या. पगार, घर, जेवण, शिफ्ट, युनियन, सण, बदली, आजारपण, मित्र हे सगळं मोकळं आहे, आणि इतिहासाला तेच हवं आहे.

कागद जपताना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, स्टेपल आणि गंजलेल्या टाचण्या काढून टाका. पत्र्याची पेटी पत्र्याखालच्या खोलीत असेल तर आधी तिथून हलवा. आपल्या उन्हाळ्यात आतले कागद भाजून ठिसूळ होतात, आणि पावसाळ्यात त्याच पेटीत दमट हवा कोंडते. आतल्या खोलीतलं, भिंतीपासून थोडं सुटं, जमिनीपासून वीतभर वर असलेलं कपाट चांगलं. वाळवीचा माग दर महिन्याला बघा. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटवून ठेवू नका. फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, एकेक. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या वेगळ्या काढा आणि त्यांचं स्कॅनिंग सर्वांत आधी करा. कागद 300 डीपीआयला, फोटो 600 ला, टिफ स्वरूपात. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक परभणीबाहेर, दुसऱ्या नातेवाइकाकडे.

मूळ कागद कुणाला देण्याची घाई करू नका. आधी यादी तयार करा, मग विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि पुराभिलेख कार्यालयाला यादी दाखवा, आणि देणार असाल तर कोणत्या अटींवर ते लेखी करा: कुणाला पाहता येईल, मात्रेची नोंद किती वर्षं बंद राहील, कुटुंबाला प्रत कधी मिळेल. दिवाळीत हैदराबाद आणि बोईसरकडची मंडळी गावी येतात. तोवर आजींची पहिली मुलाखत आणि पेटीची यादी झाली असेल, तर त्या चार दिवसांत तुमच्या आजोबांच्या आणखी दोन-तीन सोबत्यांची घरं कळतील. यादी झाली की मला दाखवा, फसली तारखा आणि उर्दू कागद आपण एकत्र बसून लावू.